दोन फेल बोअर, चार जुनी सर्वेक्षणं आणि स्लॅबखालची विहीर

पश्चिमेला येऊरच्या डोंगराचा पायथा, पूर्वेला खाडी आणि दोन्हींच्या मधून घोडबंदर रोड. या पट्ट्यात १५० फ्लॅटची एक सोसायटी आहे. पालिकेचं पाणी येतं, पण एप्रिल-मे महिन्यांत रोज टँकर लागतात. सोसायटीने दोन बोअर मारल्या. पहिली कोरडी गेली, दुसरीचं पाणी खारट झालं. तिसरी बोअर मारायची की नाही, एवढाच कमिटीपुढचा प्रश्न होता. अशी सोसायटी ठाण्यात एकच नाही. या पट्ट्यात वारंवार दिसणारी परिस्थिती इथे एका प्लॉटवर मांडली आहे आणि प्लॉटवरच्या मोजमापाचे आकडे या मांडणीचेच आहेत. सर्वेक्षणांचा इतिहास आणि खडकाची वागणूक मात्र जशी आहे तशी दिली आहे.

आधी गरजेचा हिशोब. १५० फ्लॅट, घरटी साडेचार माणसं धरली तर ६७५ माणसं. माणशी १३५ लिटर या प्रमाणाने दिवसाला साधारण ९१,००० लिटर लागतात. त्यातले माणशी ४५ लिटर फ्लशला, म्हणजे ३०,३७५ लिटर. पिण्याचं पाणी पालिकेचंच राहणार होतं, त्यामुळे जमिनीतून काढायचं उद्दिष्ट ३०,००० लिटर ठरलं. हा आकडा बोअर मारायच्या आधी कागदावर असायला हवा. इथे तो दोन बोअर झाल्यावर काढला गेला.

पहिली बोअर डोंगराच्या बाजूला मारली, कारण पानाड्याचा नारळ तिथे उभा राहिला. साडेसहा इंची, ३२० फूट. वरचे १८ फूट मुरूम, मग काळा पाषाण, मध्ये ९० फुटांवर चार फुटांचा लाल थर, खाली पुन्हा काळा पाषाण. शेवटपर्यंत धूळच उडाली. दुसरी गेटजवळ, २६० फूट. २३० फुटांवर पाणी लागलं. कॉम्प्रेसरच्या हवेने बोअर साफ करताना २० लिटरची बादली १८ सेकंदांत भरत होती, म्हणजे तासाला ४,००० लिटर. कमिटीने पेढे वाटले. पण साडेसहा इंची बोअरमध्ये एका मीटरला २१ लिटर पाणी साठलेलं असतं. ६० मीटरचा उभा साठा म्हणजे जवळपास १,३०० लिटर, आणि पहिल्या काही मिनिटांत बाहेर येतो तो हाच. तीन तास पंप चालवल्यावर तीच बादली ४५ सेकंदांत भरू लागली, म्हणजे तासाला १,६००. खरा आकडा हा. सप्टेंबरात विद्युतवाहकता १,१०० मायक्रोसीमेन्स प्रति सेंटिमीटर होती, एप्रिलमध्ये ५,२००. तिला ०.६५ ने गुणलं की विरघळलेले क्षार साधारण ३,४०० मिलिग्रॅम प्रति लिटर येतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात ५०० ही इष्ट मर्यादा आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर २,०००. फ्लशलाही हे पाणी नको, कारण टाकीतल्या लोखंडी दांड्या आणि स्क्रू वर्षभरात गंजून गळायला लागतात.

आणखी एक चूक या दोन्ही बोअरमध्ये झाली होती. महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल अधिनियमात ६० मीटरपेक्षा खोल विहीर ही ‘खोल विहीर’ ठरते. ६० मीटर म्हणजे १९७ फूट, म्हणजे दोन्ही बोअर त्यात मोडत होत्या. यंत्रवाल्याने ‘दोनशेच्या खाली गेल्याशिवाय पाणी नाही’ म्हटलं की लोक पुढे जातात. कायदा आणि पालिकेची परवानगी हे दोन्ही यंत्र बोलावण्याआधी तपासायचं असतं.

कागद कुठले आणि ते कशासाठी झाले होते

तिसऱ्या बोअरऐवजी आधी जुने सरकारी कागद काढायचं ठरलं. इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण सगळ्या प्रकरणाची किल्ली तीच आहे: कुठलंही सरकारी सर्वेक्षण, ज्या प्रश्नासाठी पैसे मोजले गेले त्याच प्रश्नाचं उत्तर नीट देतं. बाकीच्या प्रश्नांबाबत ते गप्प असतं, आणि त्याचं गप्प राहणं म्हणजे ‘इथे काही नाही’ असा निर्वाळा नसतो.

भारतातल्या सरकारी भूविज्ञानाची सुरुवात कोळशाने झाली. कंपनी सरकारला आगबोटींसाठी कोळसा हवा होता, म्हणून १८३० च्या दशकात कलकत्त्यात कोळसा समिती नेमली गेली. १८४६ च्या सुमारास विल्यम्स नावाचा भूसर्वेक्षक विलायतेहून आला, तो १८४८ मध्ये जंगलातल्या तापाने गेला. मार्च १८५१ मध्ये आयर्लंडहून टॉमस ओल्डहॅम आले आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण उभं राहिलं. त्याच्याही आधी काही माणसांनी दख्खनचे दगड पाहिले होते. हेन्री व्हॉयसी १८१८ पासून लॅम्बटन या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या त्रिकोणमितीय मोजणीबरोबर डॉक्टर आणि भूवैज्ञानिक म्हणून फिरत होते. कर्नल साइक्स १८२४ ते १८३१ मुंबई सरकारचे सांख्यिकी अधिकारी होते आणि त्यांनी दख्खनच्या पायऱ्यापायऱ्यांच्या डोंगरांचं वर्णन केलं. लाव्हाच्या अशा काळ्या पाषाणाला ‘ट्रॅप’ हे नाव पायऱ्यांवरूनच आलं, स्वीडिश भाषेत ‘ट्राप्पा’ म्हणजे जिना. ओल्डहॅमच्या माणसांपैकी विल्यम ब्लॅनफर्ड आधी राणीगंजच्या कोळशाच्या पट्ट्यात काम करून आले होते. १८६७ मध्ये त्यांचा पश्चिम आणि मध्य भारतातल्या ट्रॅपवरचा मोठा अहवाल आला. त्याच्या आदल्या वर्षी त्यांचे सहकारी वाइन यांचा मुंबई बेटाच्या भूरचनेवरचा.

या कामाबद्दल आदर वाटल्याशिवाय राहत नाही. घोड्यावरून आणि पायी, एक होकायंत्र, एक हातोडी आणि कल मोजायचं एक साधन घेऊन ही माणसं एवढा मुलूख फिरली. पण कोकणात कोळसा नव्हता. म्हणून सर्वसाधारण भूनकाशावर ठाणे एका रंगात आहे: ट्रॅप. पानाड्यासाठी तो नकाशा कोरा आहे आणि कमिटीसाठीही.

विलायतेतही सुरुवात अशाच हेतूंनी झाली. १८३५ मध्ये डी ला बेश यांच्या हाताखाली सुरू झालेलं ब्रिटनचं सर्वेक्षण म्हणजे तयार भूमापन नकाशांवर खडकांचे रंग चढवणं होतं, आणि रस होता तो खाणी, दगड आणि शेतीत. अमेरिकेत मात्र १८७९ मध्ये स्थापन झालेल्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणापुढे पश्चिमेकडच्या कोरड्या जमिनीचा प्रश्न आला, आणि १८८९ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या एम्बुडो इथे रिओ ग्रांदे नदीवर त्यांनी प्रवाह मोजण्याचं पहिलं ठाणं उभारलं. पाण्याचा प्रश्न विचारला गेला, म्हणून पाणी मोजलं गेलं. आपल्याकडे जमिनीतल्या पाण्यासाठी वेगळी यंत्रणा उभी राहायला फार वेळ लागला. १९५४ मध्ये पाण्याच्या शोधासाठी बोअर मारणारी संघटना, १९७० मध्ये तिचं केंद्रीय भूजल मंडळ, आणि १९७२ मध्ये भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचा भूजल विभाग त्यात विलीन. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणाही त्याच सुमाराची.

मग जुन्यांपैकी पाण्याबद्दल बोलतं कोण? महसुली मोजणी. गोल्डस्मिड आणि विंगेट या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी १८३० च्या दशकात इंदापूरपासून घडवलेली पद्धत पुढे साष्टीसह ठाणे जिल्ह्यात आली. तिला दगडाशी देणंघेणं नव्हतं, तिला सारा ठरवायचा होता. शेतात विहीर असेल तर सारा वेगळा, भात वेगळं, बागायत वेगळी, खारी जमीन वेगळी. म्हणून मोजणीदाराने ३३ फुटांची शंकुसाखळी ओढत ओढत विहिरी नोंदल्या. (३३ गुणिले ३३ म्हणजे १,०८९ चौरस फूट, आपला गुंठा तो हाच.) कराच्या लोभाने का होईना, पाण्याची इतकी बारीक नोंद दुसऱ्या कुणी ठेवलेली नाही.

प्लॉटवर नकाशे ठेवल्यावर

प्लॉट ८५ बाय १२० मीटर. १:५०,००० च्या स्थलदर्शक नकाशावर १ मिलिमीटर म्हणजे ५० मीटर, म्हणजे सगळी सोसायटी १.७ बाय २.४ मिलिमीटर. पेन्सिलीची अर्ध्या मिलिमीटरची रेघ २५ मीटर झाकते. या नकाशावर बोट ठेवून ‘बोअर इथे’ असं कुणी म्हणालं तर ते ऐकायचं नाही. ठाणे शहराचा मुख्य भाग ४७ ए/१६ या पानावर येतो आणि १९ अंश १५ कलांच्या उत्तरेला ४७ ए/१५ सुरू होतं. घोडबंदर रोड ही रेघ ओलांडून जातो, त्यामुळे दोन्ही पानं मागवावी लागतात. एकच पान घेऊन काम केल्याने निम्मी खाडी नजरेआड राहते.

स्थलदर्शक नकाशाचं काम एकच होतं, भरतीची हद्द दाखवणं. आज जिथे इमारती आणि खारफुटी दिसते तिथे जुन्या आवृत्तीत चिखलाची खूण आणि मिठागरांचे चौकोन होते, आणि त्यांची कड प्लॉटपासून सुमारे ४०० मीटरवर होती. आजच्या उपग्रह चित्रावर ही कड दिसत नाही, कारण भर पडली आहे.

चौथा कागद ऑडन यांचा. हेही भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचेच, आणि १९४९ मध्ये त्यांनी पश्चिम भारतातल्या डाइकांवर (खडकाच्या फटींत घुसून थिजलेल्या लाव्हाच्या भिंतींवर) लिहिताना पनवेलजवळच्या वाकाची, म्हणजे थर जिथे वाकले आहेत त्या पट्ट्याची, मांडणी केली. घाटावर जवळपास सपाट असलेले लाव्हाचे थर हा वाक ओलांडल्यावर पश्चिमेकडे कलतात. पारसिकच्या डोंगरापासून मुंबईपर्यंत कल साधारण पश्चिमेकडे. ऑडन यांचा प्रश्न कवचाच्या हालचालीचा होता, पाण्याचा नव्हता. पण दुसऱ्या बोअरच्या खारटपणाचं उत्तर नेमकं इथे सापडलं.

थर पश्चिमेला कलतात, म्हणजे खाडीच्या काठाला उघडा पडलेला थर डोंगराकडे येता येता खोल जातो. कल जागोजागी बदलतो, पण ८ अंश धरला तर ४०० मीटर अंतरात तो थर ५६ मीटर खाली उतरतो. प्लॉट १४ मीटर उंचीवर आहे, म्हणजे जमिनीपासून ७० मीटर. ७० मीटर म्हणजे २३० फूट, आणि गेटजवळच्या बोअरला पाणी तिथेच लागलं. पावसाळ्यानंतर थरात गोड्या पाण्याचा दाब होता तोवर चाललं. उपसा सुरू झाला, दाब घसरला आणि खाडीने आपल्या टोकाने आत शिरायला सुरुवात केली. ‘आपण खाडीपासून लांब आहोत’ हे वरून खरं होतं, थराच्या वाटेने नव्हतं. तिसरी बोअर अजून खोल मारली असती तर प्रश्न अजून खारट झाला असता.

पहिली बोअर का कोरडी गेली? आपल्या काळ्या पाषाणात पाणी सगळीकडे भरलेलं नसतं. प्रत्येक लाव्हा प्रवाहाचा वरचा भाग बुडबुड्यांचा, सच्छिद्र असतो. त्या भोकांत पांढरी खनिजं भरली की आपण त्याला मांजऱ्या म्हणतो. हा भाग झिजला, तडकला असेल तर पाणी धरतो. मधला गाभा घट्ट असतो, फक्त फटींतून पाणी जातं. दोन प्रवाहांमधला लाल थर चिकण असतो, तो वरचं पाणी खाली जाऊ देत नाही आणि ओला झाला की फुगून बोअर ढासळवतो. पहिल्या बोअरमध्ये लाल थराच्या खाली घट्ट गाभाच लागत गेला. आणि वरच्या १८ फुटांतलं गोडं पाणी? ते २० फूट केसिंग, म्हणजे बंद पाइप, टाकून यंत्रवाल्यानेच बंद केलं होतं.

विहीर

महसुली मोजणीच्या गाव नकाशावर प्लॉटच्या नैऋत्य कोपऱ्यात विहिरीची खूण होती. आज तिथे दुचाकी पार्किंग. सेक्रेटरींनी शेजारच्या गावठाणात चौकशी केली तेव्हा एका आजींनी सांगितलं, ‘तिथं रहाट होता. वैशाखातबी दोन हात पाणी असायचं.’ नकाशाची खूण आणि आजींची आठवण, दोन्हींचा मेळ बसला. पेव्हर ब्लॉक काढल्यावर सिमेंटचा स्लॅब निघाला. बिल्डरने विहीर बुजवली नव्हती, फक्त झाकली होती. व्यास ५ मीटर, खोली ९ मीटर, तळात दीड मीटर गाळ आणि डेब्रिज.

खणायला किंवा उपसायला लागण्याआधी विद्युत रोधकता चाचणी केली. चार खुंट्या एका रेषेत समान अंतरावर ठोकायच्या, बाहेरच्या दोनमधून वीज सोडायची आणि आतल्या दोनमधला फरक वाचायचा. रोधकता म्हणजे २ × ३.१४ × खुंट्यांमधलं अंतर × मिळालेला रोध. विहिरीजवळच्या रेषेवर अंतर ५ मीटर असताना रोध ०.९ ओहम, म्हणजे २८ ओहम-मीटर. १० मीटरला ०.६, म्हणजे ३८. २० मीटरला ०.७, म्हणजे ८८. ओला मुरूम आणि झिजलेला दगड साधारण २० ते ४५ मध्ये येतो, घट्ट पाषाण त्याच्या पुष्कळ वर. वाचन सरळ आहे: वरच्या आठ-दहा मीटरमध्ये पाणी, खाली घट्ट. एका ठिकाणी आकडा अचानक ६ वर आला. तो खारं पाणी म्हणून लिहिला गेला असता, पण रेषा ५ मीटर सरकवल्यावर ३० झाला. खाली विजेची केबल होती. शहरात ही चाचणी करताना रेषा सरकवून पुन्हा वाचल्याशिवाय कुठलाही आकडा मानायचा नाही. पेव्हरवर खुंटी ठोकता येत नाही, ब्लॉक उचलून खाली मातीत ठोकावी लागते आणि बुडाशी मिठाचं पाणी ओतावं लागतं, नाहीतर वीज आतच जात नाही. आणि ७० मीटर खोलीवरचा तो खारा थर या चाचणीने दिसणारच नव्हता. त्यासाठी खुंट्यांमध्ये ७० मीटर अंतर आणि २१० मीटरची सरळ रेषा लागते, प्लॉटचा कर्णही १४७ मीटरच.

उंचीचं गणित निर्णायक ठरलं. प्लॉट समुद्रपातळीपासून १४ मीटर वर. विहिरीचा तळ ९ मीटर खाली, म्हणजे +५. मोठ्या भरतीचं पाणी सरासरी पातळीच्या अडीच-तीन मीटर वर चढतं. खाडी या विहिरीत येऊ शकत नाही. दुसऱ्या बोअरचा तळ मात्र -६५ वर होता.

गाळ काढताना कुणी एकट्याने उतरायचं नाही. वर्षानुवर्षं झाकलेल्या विहिरीत पुरेसा प्राणवायू नसतो आणि कुजलेल्या गाळातून विषारी वायू सुटतो. आधी दोन दिवस स्लॅब उघडा, मग ब्लोअरने तळापर्यंत हवा, वायुमापकाने तपासणी, कमरेला पट्टा आणि वर तिकाटणं घेऊन दोन माणसं. विहिरीत पडलेल्याला वाचवायला धावत उतरणारा दुसराही अनेकदा दगावतो, म्हणून ही शिस्त ठेकेदाराच्या कागदावर लिहून घेतली.

मेच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे सर्वांत वाईट काळात, उपसा चाचणी केली. पाणी दीड मीटर खाली ओढलं आणि पंप बंद. व्यास ५ मीटर म्हणजे क्षेत्र १९.६ चौरस मीटर, १ सेंटिमीटर चढ म्हणजे १९६ लिटर. पहिल्या तासात ९ सेंटिमीटर चढ, साधारण १,७६० लिटर. बारा तासांत ६२ सेंटिमीटर, म्हणजे १२,१५० लिटर. चढ हळूहळू मंदावतो, कारण पाणी वर येतं तसा बाजूच्या दगडातून रेटा कमी होतो. पहिल्या तासाला चोविसाने गुणायचं नाही, ती चूक नेहमी होते. सकाळ-संध्याकाळ दोन वेळा उपसा धरून रोजचे १८,००० लिटर मान्य केले. गरज ३०,०००. म्हणजे मेमध्ये १२,००० लिटर कमीच पडणार, टँकर पूर्ण बंद होणार नाही, आणि हे सर्वसाधारण सभेत तसंच सांगितलं गेलं. विद्युतवाहकता ७८० होती, फ्लशला उत्तम.

छतावरचं पावसाचं पाणी विहिरीत सोडायचा प्रस्तावही आला. ठाण्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पाण्याला तोटा नाही. पण जुलैत इथला मुरूम आधीच काठोकाठ भरलेला असतो, ओतलेलं पाणी दोन दिवसांत ओढ्याला लागतं. सप्टेंबर-ऑक्टोबरचा पाऊस गाळून सोडायला हरकत नाही, जूनच्या पहिल्या सरी मात्र छताची घाण घेऊन येतात, त्या वळवायच्या.

दोन्ही बोअर नुसतं झाकण लावून सोडल्या नाहीत. दुसरी बोअर म्हणजे खाऱ्या थराला वरच्या गोड्या पाण्याशी जोडणारी उभी नळी होती, तीही विहिरीपासून शंभर मीटरच्या आत. ७९ मीटर गुणिले २१ लिटर, म्हणजे साधारण १,७०० लिटर सिमेंट आणि बेंटोनाइटचा (पाण्यात फुगणाऱ्या चिकणमातीचा) घोळ पाइप तळाशी सोडून खालून वर भरत आणला. वरून ओतला असता तर मध्येच अडकून खाली पोकळी राहिली असती. पहिलीही तशीच भरली.

विहिरीवर जाळी आणि बाजूने दीड फूट कठडा बसवला. पंपाची तोटी तळापासून एक मीटर वर ठेवली, म्हणजे गाळ ओढला जात नाही. वॉचमनच्या केबिनमध्ये एक वही आहे, तीत दर सोमवारी सकाळी उपशाआधीची पाणीपातळी आणि महिन्यातून दोनदा विद्युतवाहकता लिहायची. १,५०० ओलांडली की पंप बंद करून पुन्हा मोजायचं.